ऐंशी दिवसांचा हिशेब

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांतून ज्या मुली पहाटेची गाडी नाहीतर इको धरून कंपनीत कामाला जातात, त्यांच्याकडून एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. नवी नोकरी लागली आहे, सहा महिने प्रोबेशन आहे आणि दिवस गेले आहेत. साहेबांना सांगायचं की नाही? सांगितलं तर काढतील. नाही सांगितलं तर उद्या म्हणतील, ‘तुम्ही लपवलंत.’ सासू म्हणते गप्प बस, नवरा म्हणतो बघू, आणि पोट काही कोणासाठी थांबत नाही.

या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. आपल्या आधी गिरणीतल्या, औषध कंपनीतल्या, विमानातल्या, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बायका याच प्रश्नापाशी अडल्या होत्या. त्या काय करून गेल्या, हे माहीत असलं तर आपल्याला आपलं उत्तर काढणं सोपं जातं. म्हणून आज तो इतिहास सांगतो.

आधी आपल्या भागाचं पाहू. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली शेतकरी-मजूर हजारोंनी जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेनं ती सभा घेतली होती. तिथं ठरलं की यापुढं सावकार-जमीनदाराची वेठ करायची नाही आणि मजुरी घेतल्याशिवाय त्याच्या शेतावर राबायचं नाही. तोपर्यंत लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही मालकाचे लग्नगडी म्हणून राबत. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मेले. गोदावरीबाईंनी पुढं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा काळ लिहून ठेवला आहे. मजुरी हाच हक्क जिथं झगडून मिळवायचा होता, तिथं बाळंतपणाची भरपगारी रजा कोणाच्या मनातही येण्यासारखी नव्हती.

पण त्याच्या सोळा वर्षं आधी, आपल्यापासून सव्वाशे किलोमीटरवर मुंबईत, असा एक कायदा झालेला होता. कापडगिरण्यांत तेव्हा हजारो बायका काम करत. बाळंतपणासाठी घरी बसलं की पगार बंद, म्हणून कितीतरी जणी अगदी शेवटच्या दिवसापर्यंत उभ्या राहून काम करत. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि तिथं बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे रजेचा ठराव झाला. आपल्याकडे कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात तसं बिल आणलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी बिल मांडलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातूनच त्यांनी पुढचा मुद्दा काढला. देशाचं हित आहे, तर खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलला पाहिजे. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही, कारण बाईच्या कामातून त्याला नफा होतो.

१९२९ साली मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा झाला. हिंदुस्थानातला हा पहिला. पण खर्च पूर्णपणे मालकावर पडला. बाबासाहेबांनी सांगितलेला सरकारचा वाटा त्यात आलाच नाही. आज कंपनीचा माणूस मुलाखतीत ‘लग्न झालंय का? मूल आहे का?’ असं जे विचारतो, त्याचं मूळ इथं आहे. मालक हिशेब करू लागला. पोट दिसायला लागलं की बाईला काढायचं, नाहीतर लग्न झालेली तरुण बाई घ्यायचीच नाही, अशा तक्रारी तेव्हापासून येऊ लागल्या. पुढच्या काळात गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. त्याला रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रंही कारण होती, पण बाळंतपणाचा खर्च हेही एक होतं.

त्या कायद्यात दुसरी एक गोष्ट होती, ती आजही आपल्याला लागू आहे. लाभ मिळायचा तर त्या मालकाकडे ठरावीक काळ काम झालेलं असलं पाहिजे. दिवस मोजायची पद्धत तेव्हा सुरू झाली. हा मोजणीचा धागा लक्षात ठेवा, आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली साऱ्या देशासाठी प्रसूतिलाभ कायदा झाला. त्यात बारा आठवड्यांची भरपगारी रजा होती आणि अट होती बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत १६० दिवस काम केल्याची. म्हणजे नव्यानं लागलेली बाई जवळजवळ बाहेरच. १९८८ साली कायदा बदलला आणि १६० चे ८० दिवस झाले. नव्या नोकरीतल्या बाईला खरं दार उघडलं ते या बदलानं.

मधल्या काळात मुंबईत दोन लढाया झाल्या. पहिली औषध कंपनीतल्या बायकांची. बाटल्या-डबे भरणं आणि त्यांना लेबलं लावणं या खात्यात मुलींना घेतलं जाई, पण लग्न झालं की नोकरी संपलीच असा नियम होता. आज आपल्या मुली तारापूरला, वापीला जे पॅकिंग करतात, तेच हे काम. कंपनी म्हणायची, लग्न झालेल्या बायका जास्त रजा घेतात. ‘बॉम्बे लेबर युनियन’ हे प्रकरण घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९६५ साली न्यायालयानं तो नियम रद्द केला. फरक पडलाच तर बाळंतपणाच्या रजेचा, आणि तेवढ्यासाठी चार बायका जादा ठेवल्या की काम भागतं, असा त्या निकालाचा सरळ हिशेब होता.

दुसरी लढाई एअर इंडियाच्या हवाई सुंदरींची. पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी गेली, असा नियम त्यांना लावलेला होता. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सोबतिणींच्या प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, हा दुसरा नियम मात्र न्यायालयानं राहू दिला. हक्क असे तुकड्यातुकड्यानं आले आहेत.

आता येऊ अगदी आपल्या प्रश्नावर. दिवस गेलेली बाई आणि तिचं प्रोबेशन, हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ‘नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ’ असं त्याचं नाव, निकाल १९९१ चा. १९८९ साली त्या परीक्षा आणि मुलाखत देऊन महामंडळात लागल्या. सहा महिने प्रोबेशन होतं. त्याआधी त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, आता गरोदर आहात का, असे प्रश्न त्यात होते. महामंडळाच्याच डॉक्टरबाईंनी तपासून त्यांना नोकरीला योग्य ठरवलं होतं. डिसेंबरमध्ये त्यांनी बाळंतपणाची रजा मागितली, जानेवारी १९९० मध्ये मूल झालं आणि फेब्रुवारीत प्रोबेशनमध्येच त्यांना कामावरून काढण्यात आलं. महामंडळाचं म्हणणं, शेवटच्या पाळीची तारीख खोटी दिली.

न्यायालयानं तीन गोष्टी पाहिल्या. एक, त्यांचं काम समाधानकारक नव्हतं असं दाखवणारा एकही कागद नव्हता. दोन, काढण्याचं खरं कारण तो फॉर्म होता. तीन, तो फॉर्मच बाईचा अपमान करणारा होता. कुठलीही बाई लाजेनं, स्वाभिमानानं अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला कचरेल, आणि हे प्रश्न विचारायचं काही कारणच नाही, असं न्यायालयानं म्हटलं. महामंडळाला ते रकाने काढून टाकायला सांगितलं आणि त्यांना पुन्हा कामावर घ्यायला लावलं. ‘तू का सांगितलं नाहीस?’ हा प्रश्न तिथं उलटा फिरला. ‘तुम्ही विचारलंतच का?’ असा तो झाला.

हा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. जानेवारी २०२२ मध्ये स्टेट बँकेचे नवे नियम पुढं आले. तीन महिन्यांपेक्षा जास्त दिवस गेलेल्या उमेदवार बाईला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवायचं आणि बाळंतपणानंतर चार महिन्यांच्या आत रुजू करून घ्यायचं, असा तो नियम होता. देशभरातून ओरड झाली, दिल्लीच्या महिला आयोगानं नोटीस पाठवली आणि काही दिवसांतच बँकेनं नियम मागं घेतला.

कायम नोकरी नसलेल्या बायकांचं काय? तिथंही वाट झाली आहे. दिल्ली महानगरपालिकेत रोजंदारीवर खणायचं, रस्त्याचं काम करणाऱ्या बायका न्यायालयात गेल्या. ८ मार्च २००० रोजी, नेमकं महिला दिनाला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हजेरीपटावरच्या रोजंदार बाईलाही प्रसूतिलाभ मिळालाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरबाईंच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं की अट पूर्ण झाली असेल, तर कंत्राटाची मुदत संपल्यानंतरच्या दिवसांचाही लाभ द्यावा लागेल. २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, त्याची चर्चा फारशी होत नाही. बाईला कामावर घेताना, पहिल्याच दिवशी, तिला कोणकोणते प्रसूतिलाभ मिळतील हे मालकानं लेखी कळवायचं आहे. पाहा, सांगण्याची पहिली जबाबदारी कायद्यानं कोणावर टाकली ती.

पाळणाघराचं नाव निघालं म्हणून सांगतो, ही कल्पना आपल्या तालुक्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. धाकटं भावंड कडेवर असल्यानं मोठी बहीण शाळेत येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच छपराखाली आणली. आईनं मजुरी करायची असेल तर बाळाची सोय कामाइतकीच महत्त्वाची, हे डहाणूत फार आधी ओळखलं गेलं होतं.

आता आपला हिशेब मांडू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे, पण २६ आठवडे आणि ८० दिवस हे मुख्य नियम तेच आहेत. प्रसूतिलाभाच्या नियमात प्रोबेशनची अट नाही. तिथं दिवस मोजतात. समजा तुम्ही तीन महिन्यांच्या गरोदर असताना १० जूनला कामाला लागलात आणि डॉक्टरांनी तारीख दिली १० डिसेंबर. महिन्याला सव्वीस हजेऱ्या धरल्या तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ८० दिवस भरतात. रजा तारखेआधी आठ आठवडे, म्हणजे १५ ऑक्टोबरपासून घेता येते. तुमचं सहा महिन्यांचं प्रोबेशन तेव्हा चालूच असेल, तरी तुम्ही रजेच्या हक्काच्या आहात. कंपनीत ईएसआय कापत असतील तर पैसे ईएसआयकडून येतात आणि तिथं अट ७० दिवसांच्या वर्गणीची आहे.

मग सांगायचं कधी? मुलाखतीत सांगितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ८० दिवस भरेपर्यंत थांबायचं की आधी सांगायचं, हे प्रत्येकीनं आपलं काम पाहून ठरवावं. रंग-रसायनांच्या खात्यात, उष्ण भट्टीपाशी, जड उचलण्याच्या कामावर असाल तर आमचं मत स्पष्ट आहे. लवकर सांगा आणि काम बदलून मागा. नोकरी दुसरी मिळेल, बाळाच्या बाबतीत तसं नाही. साधं बैठं काम असेल तर थोडं थांबण्यात काही खोटेपणा नाही. पण कधीही सांगा, लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी मान्य करत नाही. अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, नाहीतर ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. ‘दिवस गेलेत हे आम्हाला माहीतच नव्हतं’ असं म्हणायची वाट मग मालकाला राहत नाही. शेवटच्या सुमारे दहा आठवड्यांत जड किंवा फार वेळ उभं राहायचं काम देऊ नका, असं मागायचाही तुम्हाला हक्क आहे.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. प्रोबेशनवरच्या गरोदर बाईला कधीच काढता येत नाही, असं कायदा म्हणत नाही. काम खरोखर चुकत असेल तर मालक काढू शकतो. पण बाळंतपणाच्या रजेवर असताना काढणं बेकायदा आहे. आणि गरोदरपणात काढलं, तरी तुमची अट पूर्ण होत असेल तर लाभाचे पैसे बुडवता येत नाहीत. म्हणून हजेरीचे फोटो, पगारपावत्या, ओळखपत्र, ईएसआयचा नंबर आणि उपकेंद्रातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड हे सगळं एका पिशवीत घरी ठेवा. कोणी तुमच्या कामाचं कौतुक करणारा मेसेज पाठवला असेल तर तोही जपा. ‘काम समाधानकारक नाही’ हे कारण पुढं आलं, तर याच कागदांनी उत्तर देता येतं.

आपल्याकडे अडचण आणखी दोन गोष्टींची. पहिली, ठेकेदार. १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं डहाणू तालुक्यात उद्योगांना मर्यादा घातली. त्यामुळे झाडं आणि वाड्या राहिल्या, पण कामासाठी बाहेर जावं लागतं. कोणी बोईसर-तारापूरला, तर तलासरीची मुलगी उंबरगाव, भिलाड, वापीला. तिथं बहुतेक भरती ठेकेदाराकडून होते आणि ठेकेदार बदलला की जुनी हजेरी हवेत जाते. म्हणून कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या तारखेपासून, हे वहीत लिहून ठेवायला शिका. दुसरी, हद्द. उंबरगाव १९६० पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, आज ते गुजरातेत आहे. कायदा दोन्हीकडे एकच, पण तक्रार करायची ती कारखाना जिथं आहे तिथल्या कामगार कार्यालयात. कुठं जायचं ते कळत नसेल तर आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो.

आणि चिकूच्या वाडीत, भातलावणीला, वीटभट्टीवर रोजानं जाणाऱ्या आपल्या बहिणी? शेतावर रोजानं जाणारीला २६ आठवडे नाहीत. वीटभट्टीवाली कागदावर कायद्यात येऊ शकते, पण हजेरीचा कागदच तिला कोणी देत नाही. अशांसाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात निदान ६,००० रुपये लिहिलेले आहेत. २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० मिळतात. आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं ताटही आहे. हे सहा महिन्यांच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली सरकारच्या वाट्याचं जे म्हटलं होतं, ते या बायकांच्या बाबतीत अजून उधार आहे.

तर मैत्रिणींनो, दिवस जाणं ही काही कंपनीशी केलेली फसवणूक नव्हे. ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र हातात पडेल, त्याच दिवशी विचारा, ‘प्रसूतिलाभाची लेखी माहिती कुठं आहे?’ दिवस गेलेले असोत वा नसोत, लग्न झालेलं असो वा नसो, सगळ्यांनीच विचारा. सगळ्याच विचारू लागल्या की कोणाचं पोट कधी दिसेल याकडे मालकाला लक्ष ठेवता येणार नाही. आणि आजपासून वहीत हजेरी मांडायला घ्या. पहिल्या पानावर कामाला लागल्याची तारीख, पुढं एकेक दिवस, ऐंशीपर्यंत.